वारा विचारणारी आक्काताई

आक्काताई सिस्टरबद्दल कोणी चार शब्द चांगले बोललंय, असं त्या दवाखान्यात कधी घडलं नाही. आया तिला मागे 'फौजदारीण' म्हणायच्या. कंपाउंडर तिची पाळी बघून रजा टाकायचा. पेशंटचे नातेवाईक तर खाली चहाच्या गाड्यावर उभं राहून तिचा जाहीर उद्धार करायचे. तिला हे सगळं माहीत होतं आणि त्याचं तिला काडीचंही वाटत नव्हतं. माणसं गोड बोलणाऱ्या नर्सच्या हातून मरतात, असं तिचं मत होतं आणि ते ती न विचारता सांगायची.

दवाखाना कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका बोळात, वीस खाटांचा. मालक सर्जन. नाव मोठं होतं, पण सगळे त्यांना आण्णाच म्हणायचे. पोटाची ऑपरेशनं ही त्यांची खासियत. पोटात कळ आली की हातकणंगल्यापासून पार सीमेपर्यंतची माणसं आण्णांकडे यायची आणि दारातच आक्काताईच्या तावडीत सापडायची.

तिचा पहिला प्रश्न ठरलेला. नाव, गाव, वय सगळं नंतर.

"वारा सरला का?"

समोरच्याला कळलं नाही की दुसऱ्यांदा ती आडपडदा ठेवत नसे. जयसिंगपूरचे एक निवृत्त हेडमास्तर पोट धरून आले होते. बरोबर दोन सुना, एक जावई. आक्काताईने भर वऱ्हांड्यात विचारलं, "गुरुजी, पादलासा कधी शेवटचं?"

गुरुजींचा चेहरा पडला. "सिस्टर, जरा सभ्य भाषेत—"

"सभ्य मानसाच्या पोटात काय अत्तर असतंय व्हय? कधी, ते सांगा."

उगाच माणसाची अब्रू काढायची तिला हौस होती असं नाही. म्हणजे थोडी होतीच, खोटं कशाला बोला. पण प्रश्नाला कारण होतं. एक-दोन दिवस परसाकडं झालं नाही तर ते साधं बद्धकोष्ठही असू शकतं. पण वारासुद्धा बंद झाला, वरून हिरवी-पिवळी उलटी, पोट नगाऱ्यासारखं, आणि कळ येतेय, थांबतेय, परत येतेय, असं असलं की आतडं कुठंतरी अडलंय समजावं. मग बघायचं कुठं अडलंय ते. आधी पोट कापलंय का, जुन्या टाक्याच्या जागी आतडं चिकटलंय का. आणि कापलेलं नसेल तर जांघा बघायच्या, तिथल्या भोकात आतड्याचा तुकडा घुसून आवळलाय का ते. "जांघा बघितल्याशिवाय पोट बघितलं म्हणायचं नाही," हे आण्णांचं वाक्य. नव्या डॉक्टरांना ते एकदा सांगायचे. आक्काताई रोज सांगायची, आणि म्हणून नवे डॉक्टरही तिच्यावर खार खाऊन असायचे.

आतडं नुसतं अडलं असलं तर सलाईन लावून, नाकातून नळी घालून एखादा दिवस वाट बघता येते. पण आवळलं गेलं असलं, की त्याचं रक्त बंद होतं आणि ते काळं पडायला लागतं. तिथं दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. हे तिच्या डोक्यात कोणत्या पुस्तकाने बसवलं नव्हतं. तिच्या बापाने बसवलं होतं, मरून.

बाप म्हणजे आबा. पेठ वडगावच्या अलीकडे तिचं गाव. त्यांचं घर बौद्धवाड्यात, वाड्यातली पहिली चार घरं छप्पन साली धर्म बदललेली, त्यातलं एक. आबा अंबूबाईच्या मळ्यात कामाला. अंबूबाई म्हणजे गावातली खाऊन-पिऊन दांडगी बाई, नवऱ्यामागे शेती आणि सहा म्हशी एकटीने रेटणारी. वाईट बाई होती का? गाव तिला चांगलीच म्हणायचं. सणाला गड्यांना पोळी द्यायची, आजाऱ्याला औषध द्यायची. फक्त पाणी वरून ओतायची. आक्काताई दहा वर्षांची असताना बापाची भाकरी घेऊन मळ्यात जायची, तेव्हा अंबूबाई हातभर उंचावरून तांब्या तिरका करायची आणि पोरगी ओंजळ तोंडाला लावून प्यायची. निम्मं पाणी कोपरावरून परकरात. एकदा तांब्याला तिचं बोट लागलं. अंबूबाई एक शब्द बोलली नाही, फक्त तिच्यादेखत तिने तांब्या राखेने तीन वेळा घासला. शिवी दिली असती तर पोरगी विसरली असती.

आक्काताई सांगलीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, तेव्हा आबाचं पोट दुखायला लागलं. दोन दिवस उलट्या. परसाकडं नाही. अंबूबाईने घरचं एरंडेल काढलं, फुलपात्र भरून पाजलं, गुण येईना म्हणून दुसऱ्या दिवशी परत पाजलं. निरोप मिळून लेक पोचली तेव्हा तिसरा दिवस होता आणि आबाला भिंतीला टेकवून बसवलेलं होतं, तोंडाला पंचा बांधून.

पुढं वर्गात सरांनी शिकवलं, की आतडं अडलेल्याला जुलाबाचं औषध देणं म्हणजे चाक दगडाला अडलेल्या गाडीच्या बैलांना आसूड मारणं. बैल ओढतात, गाडी हलत नाही, शेवटी जू मोडतं. आक्काताई बाकावरून उठून बाहेर गेली होती. त्या दिवसापासून ती गावाकडे गेली ती फक्त आईला कोल्हापुरात आणायला.

आणि सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी दहाला, दवाखान्याच्या दारात ट्रॅक्स थांबली आणि तिच्यातून केरबाने आपल्या आईला उचलून खाली घेतलं. अंबूबाईला.

अडुसष्टची झाली होती. अंग वाळून गेलं होतं, पण हिरवं नऊवारी लुगडं काष्टा मारून करकचून नेसलेलं, आणि एका पायाच्या तळव्याला चिंधी. सून शालूबाईच्या हातात घरचा पितळी तांब्या. म्हातारी कण्हत होती, थांबत होती, परत कण्हत होती. आक्काताईने घड्याळ बघितलं. चार-पाच मिनिटांनी कळ येत होती.

"वारा सरला का?"

अंबूबाईने डोळे उघडले. बराच वेळ तिने त्या पांढऱ्या साडीकडे आणि वरच्या तोंडाकडे बघितलं.

"तू आबाची न्हवं का?"

"व्हय. वारा कधी सरला ते सांग."

"दुसरी नर्स न्हाय का हितं?" म्हातारीने लेकाला विचारलं.

"न्हाय," उत्तर आक्काताईने दिलं. "मीच हाय. आनि चार वाजेपतुर मीच असनार."

केरबा मध्ये पडला. "ओ बाई, पेशंटसंगं नीट बोला की. पैसं देऊन आलोय, फुकट न्हाय."

"मग उत्तरं बी द्या की. परसाकडं कधी झालं?"

परसाकडं परवापासून नव्हतं. वाराही कालपासून नव्हता. उलट्या काल सकाळपासून, आधी खाल्लेलं, मग पिवळं, आज पहाटेपासून हिरवट काळं आणि घाण वासाचं. पोट कधी कापलेलं नव्हतं. औषध काय दिलं? शालूबाई म्हणाली, "एरंडेल दिलं की. काल दोनदा. आत्तींनी सोताच काडून घेतलं."

आक्काताईच्या हातातलं पेन थांबलं. मग तिने ते लिहून काढलं, इतक्या जोरात की कागद फाटला.

दवाखान्यातले धाकटे डॉक्टर कृष्णात. शिक्षण संपवून चार महिने झाले होते आणि त्यांना आक्काताईचं तोंड बघायला नको वाटायचं. आण्णा त्या वेळी राजारामपुरीत दुसरीकडे ऑपरेशनला गेलेले. कृष्णात डॉक्टरांनी जीभ बघितली, कोरडी होती. नाडी एकशे वीस. पोट वाजवून बघितलं, आवाज ऐकला. पोटाचा एक्स-रे फोटो सांगितला. "आडवा," म्हणाले.

"आडवा आनि उभा, दोन्ही," आक्काताई म्हणाली.

"मी सांगितलं तेवढं करा."

"उभ्यातच पाणी आनि हवा निराळी दिसत्यात. आण्णा आल्यावर पैला तोच मागतील."

डॉक्टरांनी दात खाल्ले आणि दोन्ही लिहिले. उभ्या फोटोत पाण्याच्या आडव्या रेघा स्वच्छ दिसल्या, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. आतडं अडलं होतं, यात आता वाद नव्हता. वाद पुढचा होता. कुठं आणि कशाने? नुसतं अडलंय की आवळलंय? म्हातारीला उद्यापर्यंत वेळ आहे की दुपारपर्यंतच?

सलाईन लागलं. नाकातून नळी आक्काताईने घातली. त्या वेळी अंबूबाईने तिचं मनगट नखांनी ओरबाडलं. ते नळीमुळे की हातामुळे, देव जाणे. पोटातून दीड लिटर काळपट हिरवं पाणी बाहेर आलं आणि म्हातारीला जरा हुशारी वाटली. हुशारी वाटल्यावर तिने पहिलं काय मागितलं, तर पाणी.

"पानी मिळनार न्हाय," आक्काताई म्हणाली.

"घोटभर."

"एक थेंब न्हाय. पोटात जायला वाट न्हाय, परत वरच येनार. सलाईनमधनं मिळतंय तेवढं बास."

"केरबा, ही मला पानी बी देईना बग."

केरबाने तांब्या उचलला. आक्काताईने तो त्याच्या हातातून हिसकून कपाटावर ठेवला. केवढा आवाज झाला! वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. केरबा अंगावर धावून आला. म्हणाला, "सूड उगवतीस व्हय गं? मानूस मरतंय पान्याबिगर आनि तू तांब्या वडतीस?"

उपाशी ठेवणं, पाणी बंद करणं हा उपचारच होता. नवखा शिकाऊही हेच करेल. पण आक्काताई स्वतःशी खोटं बोलणारी बाई नव्हती. 'एक थेंब न्हाय' म्हणताना तिला बरं वाटलं होतं. राखेने घासलेल्या त्या तांब्यानंतर चौतीस वर्षांनी बरं वाटलं होतं.

लघवी मोजायला नळी घालायची राहिली होती. त्यासाठी काष्टा सोडायला लागणार. आक्काताई पडदा ओढून पुढं आली, तशी म्हातारीने दोन्ही हातांनी निऱ्या धरल्या. "काष्ट्याला हात लावलास तर हात मोडीन. न्हाय शिवून घ्यायची मी हिच्याकडनं. न्हाय म्हंजे न्हाय."

बाहेरून कृष्णात डॉक्टर ओरडले, "सिस्टर, राहू द्या. बेडपॅनवर मोजा. उगाच तमाशा नको." त्यांनी केस पेपरवर लिहिलं: जुना व्रण नाही, सलाईन, नळी, उद्या सकाळी परत फोटो. केरबाला सांगितलं, की चोवीस तास बघू, बहुतेक आपोआप सुटेल. आणि चहाला गेले.

जांघा बघायच्या राहिल्या होत्या. डॉक्टरांनी काष्टा आहे म्हणून सोडलं, म्हातारीने सोडू दिलं नाही, आणि घरच्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बारा वाजता आक्काताई सलाईन बदलायला गेली तेव्हा तिला खाटेच्या पायावर मुंग्या दिसल्या. तांबड्या, बारीक. वॉर्डात मुंगी दिसली की ती आयांना रडवायची. पण ही रांग भिंतीवरून खाटेच्या लोखंडी पायावर, तिथून चादरीवर, आणि चादरीवरून सरळ म्हातारीच्या उजव्या मांडीकडे लुगड्यात जात होती. लुगड्यावर तिथं पांढरट तपकिरी डाग होता, वाळून कडक झालेला.

"शालूबाई, ह्ये काय?"

"चुना-गूळ हाय की. अवधान आलंय आत्तींना जांघंत."

"कधी?"

"चार दीस झालं, पायात बाभळीचा काटा मोडलाय. पायाला लागलं की जांघंत गाठ येतीच की. म्हनून चुना-गूळ लावला."

"मग डाक्टरला का सांगितलं न्हाईसा?"

शालूबाई गोंधळली. "पोटाच्या डाक्टरला पायाचं कशाला सांगायचं?"

यात शालूबाईची चूक म्हणावी तर तशी काहीच नव्हती. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतं, चुना-गुळाने बसतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. काटा समोर होता, गाठ समोर होती. एकाचं दुसऱ्याशी नातं गावाने आधीच लावून ठेवलेलं. पोटदुखी तिसरीकडची. त्या पोटाचा आणि त्या गाठीचा संबंध असेल, हे कोणाच्या डोक्यात यायचं?

आक्काताईच्या डोक्यात आला. तिथंच, मुंग्यांकडे बघता बघता आला. वाळलेली म्हातारी बाई, न कापलेलं पोट, उजव्या जांघेत गाठ. ती उभी होती आणि तिला सगळं कळलं होतं, आणि ती काही बोलली नाही. ती बेसिनपाशी गेली आणि हात धुतले. परत साबण घेतला, परत धुतले. मरू दे, असं तिच्या मनात आलं. अगदी याच शब्दांत. कोणाला कळणार होतं? डॉक्टरांनी बघितलं नाही, म्हातारीने दाखवलं नाही, घरच्यांनी सांगितलं नाही. उद्या सकाळच्या फोटोपर्यंत आतडं सडलं असतं आणि केस पेपरवर आक्काताईचं नावसुद्धा आलं नसतं.

तिसऱ्यांदा साबणाला हात लावताना तिने समोरच्या आरशात बघितलं. दया वगैरे आली नाही. तिला राग आला, तो स्वतःचाच. वीस वर्षं डॉक्टरांना जांघांवरून शिव्या देणारी बाई गाठ माहीत असून हात धूत उभी! तिने टॉवेल फेकला आणि पडदा ओढला.

"म्हातारे, काष्टा सोड."

"शिवू नगंस मला."

"अवधान न्हाय ते. आतडं हाय तुझं, जांघंतनं भाईर आलंय आनि आवळलंय. काटा मोडायच्या आधी बी गाठ हुती का न्हवती? खरं सांग. घागर उचलली की यायची, झोपली की जायची?"

अंबूबाईने निऱ्या आणखी घट्ट आवळल्या. शालूबाई बघतच राहिली, कारण तिला हे माहीतच नव्हतं. वर्षभर सासू गाठ बोटाने आत ढकलून वरून काष्टा आवळत होती आणि कोणाला सांगत नव्हती.

"मी दावनार न्हाय तुला," अंबूबाई म्हणाली. आवाज खाली आला होता, पण हात निऱ्यांवरच होते.

मग आक्काताई खाली वाकली. तिने आवाज चढवला नाही. म्हणून तर शालूबाईला जास्त भीती वाटली.

"माज्या बाला तू एरंडेल पाजलंस. पयल्या दिवशी बी, दुसऱ्या दिवशी बी. तिसऱ्या दिवशी त्यो मेला. त्याचं पोट असंच फुगलं हुतं. त्याच्या उलटीचा रंग ह्योच हुता, आयनं सांगितलाय मला. तू बी एरंडेलच प्यालीस. आज तुजा दुसरा दिवस हाय. सोडायचा तर सोड, न्हायतर ऱ्हाऊ दे."

कळ आली. म्हातारी कण्हली. कळ गेल्यावर तिने डोळे मिटले आणि आपल्या हाताने काष्ट्याची गाठ सोडली.

चुन्या-गुळाचा पोपडा ओल्या बोळ्याने सुटला. खाली जांघेच्या घडीच्या जरा खाली लिंबाएवढी गाठ होती, कडक, वरची कातडी लालभडक. आक्काताई म्हणाली, "खोक." म्हातारी खोकली. गाठ हलली नाही, फुगली नाही. बोट लागताच म्हातारी किंचाळली.

कृष्णात डॉक्टर धावत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक. गाठ बघितल्यावर त्यांचे हात आपोआप पुढं गेले, आत ढकलून बघायला.

"दाबू नगा!" आक्काताईने त्यांचा हातच धरला. "आतलं काळं पडलं असलं तर तसंच पोटात जाईल. आण्णांना फोन लावा."

"लावतो," डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी उलट उत्तर दिलं नाही.

मग केरबाचा गोंधळ. सहीला तयार होईना. "मगाशी म्हनला उद्या बगू, आता म्हनताय पोट कापू. आनि कशापायी, तर पायाच्या अवधानापायी? पायाच्या अवधानाला पोट कापत्यात व्हय कुठं? ही बाई सांगती आनि तुमी ऐकताय? हिचा आनि आमचा जुना दावा हाय डाक्टर, तुमास्नी ठावं न्हाय." तो वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. आक्काताईने कागद आणि पेन त्याच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं आणि म्हातारीची नाडी मोजत बसली. एकशे तीस झाली, तेव्हा तिने तो आकडाही मोठ्याने सांगितला.

शेवटी आतून म्हातारीच ओरडली, "केरबा, सही कर मुडद्या! तुजा बा मेला तवा बी असंच फिरत बसलावतास!"

दीड वाजता आण्णा स्कूटरवरून आले. फोटो बघितला, गाठ बघितली आणि कृष्णात डॉक्टरांकडे बघितलं. बोलले काहीच नाहीत. ते न बोलणं डॉक्टरांना पुढं वर्षभर पुरलं. दोनच्या आत म्हातारी टेबलावर होती. आवळलेलं आतडं सोडवून गरम सलाईनच्या घड्यांत दहा मिनिटं गुंडाळून ठेवलं, तरी चार बोटं तुकडा काळाच राहिला. तो कापून दोन टोकं जोडली. बाहेर येऊन आण्णा केरबाला म्हणाले, "संध्याकाळ केली असती तर मी चिरलं असतं आणि तसंच शिवून तुमच्या ताब्यात दिलं असतं."

केरबाने आण्णांच्या पाया पडून घेतलं. कृष्णात डॉक्टरांच्याही पडला. आक्काताईसमोरून जाताना त्याला अचानक खिशात काहीतरी शोधायचं सुचलं.

आतडं जोडलेल्या माणसाला वारा सरेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, अशी तेव्हा आण्णांची पद्धत. म्हणजे परत तोच प्रश्न. बुधवारी सकाळी आक्काताई खाटेपाशी उभी राहिली. "पादलीस का?" अंबूबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. गुरुवारी परत. शुक्रवारी परत, आणि या खेपेला सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. शेजारची बाई पदराआड हसली. म्हातारीच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, जीभ लाकडासारखी. पाण्यासाठी जीव नुसता कासावीस. शेवटी तिने शुक्रवारी दुपारी भिंतीकडे बघतच सांगितलं, "सरला."

आक्काताईने पोटावर स्टेथोस्कोप टेकवून एक मिनिट ऐकलं. "खोटं. आत सगळं गप हाय. पान्यासाठी खोटं बोलतीस."

"रांडं, किती छळशील?"

"सरंपतुर."

शनिवारी सकाळी नऊला, आण्णांची फेरी चालू असताना, अंबूबाईच्या खाटेवरून असा दणदणीत आवाज आला की पलीकडच्या खाटेवरचं पोर उठून बसलं. आण्णा फाईलमध्ये बघत म्हणाले, "वा! सुरू करा पाणी. चमच्या-चमच्याने." वॉर्ड हसला. आक्काताईला मात्र हसू आलं नाही. तिला एकदम रडू यायला लागलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला. त्या रागातच ती पाणी आणायला गेली.

शालूबाई घरी आंघोळीला गेलेली होती. केरबा खाली. खाटेशेजारच्या कपाटावर घरचा पितळी तांब्या होता, हात लांब केला तर मिळेल इतका जवळ. आक्काताईने तो घेतला नाही. नर्सेसच्या खोलीत तिचं स्टीलचं फुलपात्र होतं, ज्यातून ती रोज चहा प्यायची. ते घेऊन आली. तळाला दोन घोट पाणी.

अंबूबाईने फुलपात्राकडे बघितलं. मग कपाटावरच्या तांब्याकडे. मग मान मागे टाकून तोंड उघडलं.

"वत."

"वरनं न्हाय. वरनं प्यालं की पान्यासंगं वारा बी पोटात जातो. टाकं कच्चं हाईत. तोंड लावून प्यायचं."

हे खरं होतं. तांब्याने पाजलं असतं तरी तोंड लावूनच पाजावं लागलं असतं. पण तांब्या जवळ असून फुलपात्र आणलं, त्याचं कारण कुठल्या केस पेपरवर लिहिण्यासारखं नव्हतं.

"भांडं कुनाचं?"

"माजं."

अंबूबाईचा हात वर आला, सलाईनची सुई लावलेला. तिने फुलपात्र धरलं. आक्काताईची बोटं त्यावरच होती आणि तिने ती काढली नाहीत. म्हातारीने कडेला ओठ लावले आणि प्याली. एक घोट. मग दुसरा. तळाला काही राहिलं नाही, तरी ओठ कडेवरून हलले नाहीत.

"एरंडेल मी चांगल्यासाठीच दिलतं," फुलपात्रात बोलल्यासारखं ती म्हणाली. "आबाला. माज्या हातानं पाजलं. तेवढं एक मी वरनं वतलं न्हवतं. त्याला मान धरवत न्हवती म्हनून मांडीवर डोसकं घेऊन पाजलं."

हे आक्काताईला कोणी सांगितलं नव्हतं. आईनेही नाही.

तिने फुलपात्र हळूच सोडवून घेतलं. पदराच्या टोकाने म्हातारीची हनुवटी पुसली, नको तेवढी जोरात.

"चांगल्यासाठीच दिलंस. ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्यो मेलाच की."

अंबूबाईने डोळे मिटले. कडेने पाणी आलं ते उशीत गेलं. मग तशीच, डोळे न उघडता, तिने हात पुढं केला.

"आनि दे."

"दोन तासानं," आक्काताई म्हणाली, आणि पुढच्या खाटेपाशी जाऊन तिथल्या माणसाला विचारलं, वारा सरला का.